चिंच-मिठानं घासलेली थाळी

या प्रवासाला मी आपणहून निघालो नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला पाठवलं गेलं.

नाशिकमध्ये एका संस्थेचं छोटंसं संग्रहालय आहे. तिथं मी तीस वर्षं काम करतो आहे. गेल्या वर्षी नव्या संचालक मॅडम आल्या. त्यांनी एकेक कपाट उघडायला लावलं आणि विचारलं, "या वस्तू ज्यांच्या आहेत, त्यांच्यापैकी कुणी कधी इथं येऊन बघितल्यात का?" कुणीच आलं नव्हतं. मग ठरलं, की पाड्यापाड्यांवर जायचं, त्या घरांतली माणसं शोधायची, त्यांना इथं आणायचं, वस्तू त्यांच्या हातात द्यायच्या आणि ते काय सांगतात ते ऐकायचं. त्यांना परत हवी असेल तर तेही बोलायचं.

रजिस्टर चाळता चाळता मॅडम एका नोंदीवर थांबल्या. 'काशाची थाळी, एक. घरगुती वापराची. दान. देवजी, तालुका सुरगाणा.'

"हे अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"मग तुम्हीच जा."

गुडघा दुखतो असं मी सांगून बघितलं. चाललं नाही.

वणीच्या पुढे

मार्गशीर्ष लागला होता. जीप रफिकभाईंची होती. जुन्या नाशकातला हा माणूस एकदा बोलायला लागला की गिअर टाकायचाही विसरतो. दिंडोरी मागे पडेपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि मांडवांखाली वाकून बायका घड विरळ करत होत्या. वणी गेली, घाट लागला आणि रान एकदम मोकळं झालं. भात कापून झालेला, खाचरांत पिवळे खुंट उरलेले, वर कोवळं ऊन. बोरगावजवळ रस्त्याच्या कडेला पोरीबाळी स्ट्रॉबेरीचे डबे घेऊन बसल्या होत्या.

"साहब, आपल्या लहानपणी हे फळ फक्त बिस्किटाच्या पुड्यावर दिसायचं," रफिकभाई म्हणाले. "आता बघा, सुरगाण्यात पिकतंय आणि आपण नाशिकवाले विकत घेतोय."

मी हसलो, पण माझं लक्ष नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी याच रस्त्यानं मी एसटीनं परतलो होतो. मांडीवर फडक्यात बांधलेली थाळी होती. ती थाळी मी पंधरा दिवसांच्या प्रदर्शनासाठी मागून आणली होती. मागून. दान नव्हतं ते. प्रदर्शन संपल्यावर तेव्हाचे साहेब म्हणाले, चांगली वस्तू आहे, राहू दे, दान लिहून टाका. मी लिहिलं. त्या वर्षी संग्रहात वस्तू वाढल्या आणि माझी नोकरी कायम झाली.

पाडा

पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पक्का रस्ता संपला तिथं जीप थांबवली. पुढे ओहोळ ओलांडून चढ. दगडावरून पाय घसरला आणि माझा एक बूट पाण्यात गेला. पलीकडच्या काठावर लुगडं गुडघ्यापर्यंत कसलेली एक बाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन उभी होती. ती मोळीसकट हसायला लागली.

"साहेब, तवा बी तू इथंच पडला हुता!"

या यमुनाबाई, देवजीबाबांची मुलगी. साठीच्या. त्यांनी मला ओळखलं होतं आणि मी त्यांना नाही.

"तवा बारीक हुतास," त्या पुढे चालता चालता म्हणाल्या. "आता बायको चांगलं खाऊ घालती वाटतं."

त्या बाजूला 'साहेब' म्हणतात आणि त्याच वाक्यात 'तू' म्हणतात. आमच्याकडे अहो-जाहोत माणसाला हातभर लांब ठेवायची सोय असते. तिथं ती नाही. आपसात ते कोकणी, म्हणजे तिथल्या कोकणा आदिवासींची बोली, बोलतात, ती मला अर्धीमुर्धी कळते. माझ्याशी मात्र त्या मराठीच बोलल्या.

घरापुढचं अंगण शेणानं सारवलेलं, कुडाच्या भिंती, कोपऱ्यात नव्या भाताची कणगी. मला उन्हात बसवलं, बूट चुलीजवळ वाळत ठेवला. मग जेवण आलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी, उडदाची आमटी, खुरासणीची चटणी आणि नव्या तांदळाचा भात. नागलीची भाकरी आमच्या घरी आता डॉक्टरांनी सांगितल्यावर होते. ती भाकरी वेगळी आणि ही वेगळी. हिला धुराचा वास होता, काठ कुरकुरीत होते. दुसरी भाकरी वाढायला लागल्या तसा मी हात आडवा धरला.

"खा रे. माझ्या बाबाला तू पोटभर जेवू घातलं हुतं."

माझा घास तोंडातच राहिला. "मी?"

"मग? नाशिकला आला हुता ना तुझ्याकडं, थाळी आणाया. परत आला आन् सगळ्यांना सांगत बसला. साहेबानं खुर्चीवर बसवलं. चहा दिला. मग जेवाया नेलं. वरण, भात, वर काहीतरी गोड. म्हनला, थाळी काचेच्या कपाटात हाय, लोकं येऊन बघत्यात, साहेब म्हनला अजून थोडं दिस राहू दे." त्या रफिकभाईंकडे वळल्या. "मानूस बाबाला लय चांगला भेटला. बाबा मरस्तवर नाव काढायचा याचं."

रफिकभाईंनी माझ्याकडे कौतुकानं बघितलं. "अरे वा, साहब!"

आता खरं काय घडलं ते. देवजीबाबा आले होते, त्याच वर्षी, भाताची झोडणी तोंडावर असताना. पहारेकरी वर येऊन म्हणाला, सुरगाण्याचे कुणी बाबा तुम्हाला विचारतायत. मी म्हणालो, सांग, मुंबईला गेलेत. बाबा गेले नाहीत. पायरीवर बसून राहिले, अकरापासून तीनपर्यंत. वरच्या खिडकीतून मी दोनतीनदा बघितलं. माझा डबा मी टेबलावर खाल्ला. तीननंतर बघितलं तर पायरी रिकामी होती.

त्यांना चहा पाजला नाही, खुर्ची दिली नाही, त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. आणि ते घरी जाऊन माझं कौतुक करत बसले. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. पोरीसमोर आपला अपमान नको, म्हणून असेल. थाळीची काळजी तिनं करू नये, म्हणून असेल.

यमुनाबाईंनी दुसरी भाकरी वाढली. मी ती खाल्ली. काही बोललो नाही. ही पण कबुलीच आहे.

खळ्यावर

सकाळी दव इतकं होतं की पायवाटेवरचं गवत पायाला पाणी लावत होतं. खळ्यावर जिवलदादा भेटले. हे देवजीबाबांचे पुतणे आणि बाबा खळ्यावर कथा गायचे तेव्हा त्यांच्यामागे बसून साथ देणारे. सत्तरीचे, बारीक, डोळे मिस्कील. त्यांनी मला थाळीचं सगळं समजावलं. सत्तावीस वर्षं वस्तू माझ्या ताब्यात होती आणि हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

थाळी ताट म्हणून नसतेच. तिच्या मधोमध मेणाचा गोळा चिकटवायचा, मेणात एक सरळ काडी उभी रोवायची आणि ती काडी चिमटीत धरून वरून खाली ओढत राहायचं. बोटं काडीवरून सरकतात आणि थाळी घुमायला लागते. त्या घुमण्यावर कणसरी माउलीची, म्हणजे धान्याच्या देवीची, कथा गायची. पीक खळ्यात आलं की.

"थाळी गेली तवापासून आमच्या खळ्यावर कथा नाय झाली," जिवलदादा म्हणाले.

"पलीकडच्या पाड्यात कुणाकडे थाळी असेल ना? ती आणून?"

ते हसले. "दुसऱ्याच्या थाळीवर बोलावली तर माउली त्याच्याच घरी जाल. आपल्या दारात कशाला थांबल ती?"

मग त्यांनी कंबरेच्या चंचीतून सुपारीएवढा काळपट गोळा काढला. मेण. सातेरी माशीच्या पोळ्याचं. नाशिकला थाळी बघायला यायचं, असा निरोप संस्थेनं महिनाभर आधी पाठवला होता, तेव्हापासून त्यांनी ते जपून ठेवलं होतं.

"थाळीवर जुनं असंल की मेण," मी काही विचारायच्या आत ते सांगायला लागले. "पणजाचं मेण हाय खाली. त्याच्यावर आजाचं. त्याच्यावर देवजीबाबाचं. आमच्या घरात थाळी घासत नाय. काडी मोडली तर मोडू द्यायची, मेण तसंच ठेवायचं, त्याच्यावर आपलं लावायचं. आता बाबाच्या मेणावर माझं लावीन." बोटानं त्यांनी हवेतच एक थर दाबला. "मंग सगळे एकदम गात्यात."

मी तिथं उभा होतो आणि माझ्या हातांना काथ्या आठवत होता. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती थाळी मीच घासली होती. मधोमध काळा, चिकट, बोटभर जाड डाग बसलेला. चिंच आणि मीठ लावून, नखांनी खरवडून, दीड तास. सोन्यासारखी लखलखली. साहेबांनी शाबासकी दिली. मग भिंतीवर टांगता यावी म्हणून मी तिच्या काठाला दोन भोकं पाडली. दुसऱ्या भोकाच्या वेळी बारीकसा टक् आवाज आला आणि काठापासून केसासारखी चीर गेली. तेवढी बाजू मी भिंतीकडे केली.

इतकी वर्षं त्या चिरेनं माझी झोप खाल्ली होती. मेणाचा मी कधी विचारच केला नव्हता. तो मळ होता.

परत नाशिककडे

यमुनाबाई मागे, जिवलदादा पुढे, असे निघालो. घाटात यमुनाबाईंना मळमळायला लागलं, दोनदा थांबावं लागलं. रफिकभाईंनी लिंबू दिलं. जिवलदादा म्हणाले, "माउलीला न्यायाला निघालो आन् ही घाटातच सगळा परसाद सांडती." त्यावर यमुनाबाईंनी मागूनच त्यांच्या पाठीत एक चापट दिली. वणीला चहा प्यायला थांबलो. मी ठरवलं, इथं सांगू. चहा आला, प्यालो, कप खाली ठेवले. मी गाडीत जाऊन बसलो. दिंडोरीला सांगू म्हटलं. दिंडोरीही गेली.

संग्रहालयाच्या मागच्या खोलीत मॅडमनी टेबलावर पांढरं कापड अंथरून ठेवलं होतं. त्यांनी दोघांना नमस्कार केला आणि थाळी कापडावर आणून ठेवली. ट्यूबलाइटखाली ती आरशासारखी चमकत होती.

यमुनाबाईंनी बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"ही नाय."

"हीच आहे," मी म्हणालो.

"नाय रे. ही बाजारातली हाय. आमची काळी हुती मधी." त्यांनी तळवा थाळीच्या मध्यावर ठेवला आणि गोल फिरवला. अंधारात वस्तू चाचपडावी तसा. "इथं बाबा हुता."

जिवलदादांनी थाळी उचलली, उलटी केली, मागच्या बाजूचा एक जुना खळगा अंगठ्यानं चाचपला. काठावर टिचकी मारली आणि कान लावला. बराच वेळ कान लावून राहिले.

"हीच हाय, यमुने," ते हळू म्हणाले.

मॅडम काही बोलणार होत्या. मी त्यांना हातानं थांबवलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी कुणा वरिष्ठाला थांबवलं असेन.

"मी घासली," मी म्हणालो. "चिंच लावून. मला वाटलं मळ आहे. ही भोकं पण मीच पाडली. चीर त्यानंच गेली."



"बाबा आला तवा त्याला सांगितलं हुतंस?" यमुनाबाईंनी विचारलं. "जेवताना?"

इथं मला एक सोपी वाट होती. हो म्हटलं असतं तर तिच्या बाबांचं ते जेवण, ती खुर्ची, तो चहा, सगळं तिच्यापाशी शाबूत राहिलं असतं. आणि मीही राहिलो असतो. खरं सांगणं तिच्यासाठी होतं की माझ्यासाठी, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आताही पुरतं कळत नाही.

"मी त्यांना भेटलोच नाही, यमुनाबाई. मी वर होतो. नाही म्हणून सांगायला लावलं. ते पायरीवर बसले होते, तीनपर्यंत. मी त्यांना पाणीसुद्धा दिलं नाही."

मी वाट बघत होतो की त्या ओरडतील. खरं म्हणजे ओरडाव्यात असंच वाटत होतं. त्या थाळीवरचा हात न काढता उभ्या राहिल्या. कपाळावर आठी पडली, एखादा हिशेब लागत नसावा तशी.

"मंग त्या दिशी बाबा जेवला कुठं?"

 

जिवलदादांनी चंचीतला गोळा काढला. हातात चोळून मऊ केला आणि लखलखीत थाळीच्या मधोमध दाबून बसवला. बरोबर आणलेली काडी त्यात रोवली. खाली मांडी घालून बसले आणि काडीवरून बोटं ओढायला लागले. थाळी घुमली. पण त्या घुमण्यात एक खरखर होती, घशात काही अडकल्यासारखी. त्यांनी तीन-चार ओळी म्हटल्या, मग थांबले.

"घसा बसलाय हिचा," ते म्हणाले. "गाईल. खळ्यावर नेली तर गाईल. इथं नाय." आणि माझ्याकडे बघून, "आता मेण काढायचं नाय."

मॅडमनी रजिस्टर उघडलं. वस्तू परत जायची तर समितीची मंजुरी लागते आणि 'दान' लिहिलेलं असेल तर समिती विचारणार, दिलेलं परत का. मी पेन घेतलं. जुन्या नोंदीखाली लिहिलं, 'ही नोंद मी खोटी केली. थाळी पंधरा दिवसांसाठी मागून आणली होती. परत केली नाही. परत मागायला आलेल्या मालकाला भेटलो नाही.' खाली सही केली. यमुनाबाईंनी वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. सगळं वाचलं.

दीड वाजला होता. पाहुण्यांसाठी जेवणाची पाकिटं मागवली होती. मॅडमनी ती टेबलावर मांडली. यमुनाबाईंनी हात जोडले.

"आज मी इथं नाय जेवनार, बाई. राग नाय." मग मला म्हणाल्या, "तू थाळी घेऊन ये. आमच्याकडं जेव."

जिवलदादाही जेवले नाहीत. रफिकभाई त्यांना पोचवायला निघाले तेव्हा जीपच्या खिडकीतून मला हळूच म्हणाले, "साहब, रस्त्यात खाऊ घालतो मी, माझ्या पैशानं. फिकर मत करो." मागच्या खोलीतलं सगळं त्यांनी दारातून ऐकलं होतं; त्यानंतर माझ्याकडे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं होतं.

पायरीपासून सीबीएसपर्यंत

हा टप्पा नकाशात वीस मिनिटांचा आहे. अर्ज वर गेला आहे, उत्तर अजून यायचं आहे आणि खळी तोवर उरकतील. थाळी माझ्या कपाटात आहे, मेणासकट, काडीसकट. मी रोज कपाट उघडून बघतो आणि लावून ठेवतो.

ते दोघं गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन वाजता मी पायरीवरून उठलो आणि जुन्या सीबीएस स्टँडकडे चालायला लागलो. देवजीबाबा ज्या वेळी उठले असतील त्या वेळी. ते कुठं जेवले असतील, एवढंच बघायचं होतं.

कोपऱ्यावर तेव्हा मिसळीचं दुकान होतं. आता मोबाइलचं आहे. पुढे एका बोळात खानावळ आहे. तिथल्या मालकांना विचारलं, तुम्ही किती वर्षं इथं? म्हणाले, वडिलांपासून. तेव्हा दुपारी तीनला जेवण मिळायचं? "नाही हो, दोनला बंद. आजही दोनलाच." केळ्यांची गाडी होती का इथं कधी? त्यांनी माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "कुणाला शोधताय तुम्ही?"

स्टँडवर कॅन्टीन होतं. तिथंही विचारलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, काका, सत्तावीस वर्षांपूर्वी मी जन्मलो नव्हतो. बाहेर सुरगाण्याची गाडी लागली होती. माणसं पिशव्या आत टाकून जागा धरत होती. एका म्हाताऱ्या बाईनं फडक्यात बांधलेली भाकरी सोडून मांडीवर घेतली होती, गाडी सुटायची वाट बघत शांतपणे खात होती.

मला वाटलं, बाबांनीही घरून आणलीच असेल. त्या बाजूचा माणूस भाकरी बांधून घेतल्याशिवाय घाट उतरत नाही. खांद्यावरच्या फडक्यात असणार. मी अगदी हट्टानं तसं ठरवायला गेलो. गाडीत, खिडकीपाशी, सावकाश, चटणीला लावून.

पण मी त्यांना बघितलं होतं. वरून, दोनतीनदा. त्यांच्या खांद्यावर फडकं होतं, धुतलेलं, चार पदरी घडी केलेलं. थाळी बांधून न्यायला आणलेलं. त्यात काहीच नव्हतं.